शंकेची खुर्ची

डॉ. विश्वनाथराव पेडगावकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, हा माणूस काहीतरी लपवतो. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. पण संपादक मंडळातल्या एका डॉक्टरांनी फोन करून "बाई, सरांवर दोन चांगले शब्द लिहा" असं म्हटलं, तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला तो, हे नेमके माझ्याकडंच का आले असतील? स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. मात्र माझ्या या संशयी स्वभावाला आयुष्यात कुणी मान दिला असेल तर तो सरांनीच. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. म्हणून जे घडलं ते तसंच लिहिते.

मी तेव्हा पाथरी तालुक्यातल्या गोदाकाठच्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात हृदयरोगाचं शिबिर आहे असा निरोप आला आणि किल्ली माझ्याकडं असल्यानं मला जावं लागलं. पाहते तर काय, एक उंच, सडपातळ गृहस्थ, सोबत एक सिस्टर आणि दोन पेट्या. बॅनर नाही, पुढारी नाही, फोटो काढणारा नाही. फुकट तपासणी आणि त्याचा गाजावाजाही नाही, हे काही मला सरळ वाटेना. त्यात हे गृहस्थ नुसत्या रोग्याला तपासून थांबत नव्हते. रोग्याची आई, काका, धडधाकट भाऊ, अशा सगळ्यांचं रक्त द्याल का म्हणून विचारत होते. आजार एकाला आणि रक्त अख्ख्या घराचं, हा कुठला न्याय? माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "रगत इकायले असतील." मला ते अगदीच अशक्य वाटलं नाही.

त्या रांगेत माझी धाकटी बहीण सुनीता होती, संशय असूनही मीच तिला आणून उभी केली होती. लहानपणी आम्ही दोघी एका वाकळेत झोपायचो. एका हिवाळ्यात दोघींचेही घसे धरले, मग ताप आला, गुडघे आणि मनगटं सुजली. आईनं निरगुडीचा पाला बांधला, आम्ही दोघी बऱ्या झालो आणि विसरून गेलो. पुढं मला डी.एड.ला नंबर लागला आणि तिला गावातलंच स्थळ आलं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. काही वर्षांनी डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिला धाप लागायला लागली. मुकादमाला वाटायचं, बाई कामचुकार आहे.

सरांनी डोळे मिटून बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, असं त्यांनी तिला साध्या शब्दांत सांगितलं. मग लहानपणी बहिणीला सांधे सुजून ताप आला होता का, म्हणून त्यांनी मला विचारलं. दोघींनाही आला होता, मी म्हणाले. त्यांनी माझीही छाती ऐकली.

"तुमची झडप साफ हाय," ते म्हणाले. मला बरं वाटलं, पण त्यांच्या कपाळावर आठी. "आजारी माणसाकडं सगळेच बघतेत बाई. मला शक तुमच्यावर हाय. एक ताप, एक वाकळ, एकच आई-बाप. मग तुमीच कशा काय सुटलाव?"

आजवर माझ्या चांगल्या तब्येतीवर कुणी संशय घेतला नव्हता. मीही मग मागं राहिले नाही. रक्त कशाला पाहिजे, कुठं नेणार, त्यातून तुम्हाला काय मिळणार, उद्या आमच्या घराण्याचं नाव कुठं छापून आलं तर, असे सगळे प्रश्न मी एका दमात विचारले. सिस्टरच्या कपाळावर घाम आला. सरांनी हातातली सुई तशीच पाकिटात परत ठेवली. "आज रक्त नगं," ते सिस्टरला म्हणाले, "बाईच्या शंका पयल्या."

पुढच्या शिबिराला त्यांनी हेडमास्तरांची खुर्ची उचलून आपल्या टेबलासमोर ठेवली आणि गावाला सांगितलं, ज्याला शंका असेल त्यानं या खुर्चीत बसायचं, मी उभा राहून उत्तर देणार. ही खुर्ची रिकामी झाल्याशिवाय एकही सुई फोडायची नाही. आणि खुर्चीतून आलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या गावात रक्त घ्यायचं नाही. हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतला. खुर्चीत पहिली बसले ती मी. त्यानंतर ते मला रविवारी इतर गावांतही नेऊ लागले, कारण लोक डॉक्टरसमोर बुजतात आणि मी बुजत नाही. लोक बाहेर जे कुजबुजतात ते मी खुर्चीत बसून मोठ्यानं विचारायची. त्यांच्या शिष्यगणात मोठमोठे डॉक्टर आहेत. मी त्यांची शिष्या झाले ती केवळ शंका विचारून.

त्या खुर्चीत बसूनच मी त्यांचं शास्त्र शिकले. ते सांगत, घशातला जंतू सगळ्यांना तोच. फरक आहे तो त्याच्याशी लढणाऱ्या शरीरात. कुणाच्या अंगातली सूज काम झालं की ओसरते. कुणाची वरून विझते आणि गोवरीसारखी आत धगधगत राहते. ती धग हृदयाच्या झडपेला लागली की झडप जाड होते, चिकटते, वर्षानुवर्षं अरुंद होत जाते. नव्यानं घसा धरला की धग पुन्हा पेटते, म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई. आता कुणाची सूज ओसरते आणि कुणाची नाही, हे काही अंशी आई-बापाकडून आलेल्या बारीक बारीक फरकांवर ठरतं. तेच फरक शोधायला रोग्याबरोबर निरोग्याचंही रक्त पाहिजे.

"म्हणजी आमच्या रक्तातच खोट?" एका गावात एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकाच वावरात, एकाच बियाण्याची ज्वारी पेरली तरी ताटंन् ताट सारखं येतं का बाबा?" सर म्हणाले. "रोग पडला की एक ताट वाळतं, शेजारचं कणीस धरतं. वाळलेल्या ताटाला तुमी खोटं म्हणताव का? फरक सगळ्यांतच असतेत. माझ्यात बी हायत." आणि सगळं कळलं का, असं विचारलं की ते सरळ सांगत, "न्हाई. थोडं कळलंय, लय राहिलंय." सगळं कळलं म्हणणाऱ्या माणसांचा मला जेवढा संशय येतो, तेवढा त्यांचा त्या दिवशी आला नाही.

एकदा मी हट्टानं परभणीला त्यांच्या दवाखान्यात जाऊन ते रक्त कुठं ठेवतात ते पाहिलं. फ्रिजमध्ये बारक्या नळ्या ओळीनं लावलेल्या, त्यांवर नुसते आकडे. "नावं कुठं हायत?" मी विचारलं. "नाव लिवलं की कुणीतरी वाचतं," ते म्हणाले आणि फ्रिजला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की त्यांचा माझ्यावरही पूर्ण भरोसा नाही हे मला कळलं. मला ते आवडलं.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचं तर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या सकाळचं लिहिलं पाहिजे. दसरा झाला की ट्रॅक्टरपुढं नारळ फुटतो, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं वर चढतात आणि अर्धं गाव काही महिन्यांसाठी निघून जातं. सुया चुकतात त्या याच काळात. सर त्या सकाळी नारळ फुटायच्या आधी हजर. झाडाखाली आडोसा करून प्रत्येकाला सुई देत, कोणत्या कारखान्याला चाललाव म्हणून विचारत आणि त्या भागातल्या ओळखीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावत. एका वर्षी मुकादम उशीर होतो म्हणून ओरडायला लागला, तर सरांनी त्यालाच नाडी दाखवायला बसवलं. सुनीताची झडप पुढं मोठ्या शहरात फुग्यानं रुंद करून घेतली, तेव्हा सगळी धावपळ सरांनीच केली.

इथवर लिहिलेलं कोणीही लिहील. आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. सरांचं सोडून, यातल्या घरच्या नावांसकट सगळी नावं मी बदलली आहेत आणि ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहिते आहे. हा सरांच्या संगतीचा परिणाम.

सुनीताची मुलगी मंजू लग्नाची झाली. उसाच्या फडावर दर थंडीत तिचा घसा धरायचा, हे सरांना माहीत होतं. तिच्या हृदयाची सोनोग्राफी करा म्हणून ते मागं लागले. सुनीता ऐकेना. आमच्याकडं सोयरीक जुळवताना मुलाकडचे मुलगी पाहतात ते वरवर. खरी पाहणी मागून होते. किराणा दुकानात, पारावर, गिरणीत, गुपचूप चौकशी. घराण्यात काही आजार आहे का, कुणी वेडं, कुणी फिट येणारं? "सोनोग्राफी केली की गावभर होतंय आक्का," सुनीता मला म्हणाली. "मी आजारी हाय तेच लय झालं. लगीन होऊ द्या, मग काय करायचं ते करा."

सरांनी मला बाजूला घेतलं. "झडप अरुंद असली अन् ती पोटुशी राहिली, तर एक न्हाई, दोन जीव जातेत बाई. मग काय करायचं ते कुणाचं करायचं?" मी मधल्या मधे अडकले. तेवढ्यात एक चांगलं स्थळ आलं. मुलगा कामसू, थोडी जमीन, सगळ्यांना पसंत. सुपारी फुटायची तारीख धरली गेली आणि पाठोपाठ निरोप आला, सोयरीक मोडली. मुलाच्या मामांनी चार लोकांत सांगितलं, "त्यांच्या रक्तातच काळजाचा रोग हाय. आमी खात्रीच्या ठिकाणी इचारून आलाव."

खात्रीचं ठिकाण म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतल्या एकानं त्या मामांना परभणीत सरांच्या दवाखान्यात बसलेलं पाहिलं होतं. मला माझा पहिला दिवस आठवला. सगळ्या घराचं रक्त, आकडे लिहिलेल्या नळ्या, कुलूप. नावं नव्हती म्हणे. मग हे बाहेर गेलं कसं? मंजू चार दिवस घराबाहेर पडली नाही आणि सुनीता माझ्याशी बोलली नाही, कारण सरांच्या समोर तिला पहिल्यांदा मीच उभी केली होती.

पुढच्या शिबिराला व्हरांडा गच्च भरला. तपासायला नाही, बघायला. मी जाऊन खुर्चीत बसले.

"सर, मंजूच्या पाहुण्याचे मामा तुमच्याकडं आले होते?"

सर उभे होते. त्यांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

त्यांनी एकदा सुनीताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "याचं उत्तर मी देणार न्हाई, बाई."

गर्दीत एकच गलका झाला. "मग नियमाचं काय?" मी विचारलं. एवढ्या रागानं मी त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं.

"नियम खरा हाय," ते म्हणाले. त्यांनी सुयांची पेटी बंद केली, खुर्चीला हात जोडले आणि गेले. आमच्या गावातून त्यांनी परत कधी अभ्यासासाठी रक्त मागितलं नाही. इतक्या वर्षांचं काम आमच्या गावापुरतं तिथं थांबलं.

उपचाराची सुई द्यायला मात्र ते येत राहिले. व्हरांड्यात टेबल मांडून बसायचे आणि समोर कुणी नसायचं. लोक रस्त्यानं जाताना त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. मी शाळेची किल्ली दुसऱ्याच्या हातानं पाठवायची. पहिली परत गेली ती सुनीता, तोंडावर पदर ओढून. मी तिला हटकलं, तर म्हणाली, "त्यांनी सांगितलं असल न्हाईतर नसल. सुई तर खरी हाय ना आक्का?" आणि तिनंच एक दिवस मंजूला सोबत नेलं. सोयरीक मोडलेली, आता झाकायला काय उरलं होतं?

मंजूची झडप जाड व्हायला लागली होती. अरुंद झालेली नव्हती. वेळेत सापडली, सर म्हणाले आणि तिच्या सुया सुरू झाल्या. त्या वर्षी ते लग्न झालं असतं, तर ती नवऱ्याबरोबर फडावर गेली असती आणि कुणाला काही कळलंच नसतं. हे मला कळत होतं, तरी माझा राग गेला नाही. मंजूचं भलं झालं ते झालं, पण सरांनी शब्द मोडला तो मोडलाच, असं मी मनाशी घट्ट धरून बसले.

पुढं मंजूला पूर्णेचं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत. सुनीतानं या खेपेला सगळं आधीच सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "सुया घ्यायलीय ना? मग काय अडचण हाय?" मंजूला दिवस गेले, तेव्हा मी तिला घेऊन परभणीला सरांच्या दवाखान्यात गेले. सुईच्या रांगेत बाकावर एक तरुण बसला होता. मंजूला पाहून तो उठला आणि आपली जागा तिला दिली. मी त्याच्याकडं निरखून पाहिलं. तो तोच होता, सोयरीक मोडलेला.

मी त्याला बाहेर नेलं. तू इथं कशाला? त्यानं मान खाली घातली. "मामा चौकशीला आल्ते बाई. डॉक्टर म्हणले, माझ्या पेशंटचं मी कुणाला सांगत नसतो. तुमाला एवढी फिकीर असल तर तुमच्या पोराला आणा, त्याला तपासतो. मामा तावातावानं मला घेऊन आले, आमचं खानदान चोख हाय म्हणून दाखवायला. डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली." त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला. "झडप माझीच खराब निघाली. मामांनी डॉक्टरचे पाय धरले, कुठं बोलू नका म्हणून. अन् गावात तुमचं नाव पुढं केलं."

खुर्चीत बसून मी विचारलं होतं, तेव्हा एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य बोलले असते तर गाव त्यांच्या पाया पडलं असतं, काम वाचलं असतं, रिकाम्या व्हरांड्यात त्यांना बसावं लागलं नसतं. पण मग या पोराचं नाव चार लोकांत गेलं असतं. मला फार भरून आलं आणि खरं सांगायचं तर त्यांचा थोडा रागही आला. एवढं गप्प राहावं माणसानं?

मंजूला तपासून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, "सर, बाहेर रांगेत तो मुलगा बसलाय..." त्यांनी चष्मा पुसत म्हटलं, "बाहेर लय लोक बसलेत बाई." मंजूचं बाळंतपण सुखरूप झालं. तो मुलगाही आता संसाराला लागला आहे. या लेखासाठी मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिवा बाई. नाव तेवढं टाकू नका."

परवा हा लेख लिहायच्या आधी मी सरांच्या घरी गेले. बैठकीतली एक खुर्ची ओढून त्यांच्या समोर ठेवली आणि बसले. त्यांच्या लक्षात आलं, ते उठून उभे राहिले. मी विचारलं, "सर, त्या दिवशी ते मामा काय विचारायला आले होते?"

"कोणते मामा?" ते म्हणाले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मुलानं मला सगळं सांगितलंय, हे त्यांना माहीत होतं. तरी कोणते मामा. तेव्हा माझी खात्री झाली, की उद्या माझ्याबद्दल कुणी विचारलं तर हे असंच म्हणतील, कोण बाई? हा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा पहिल्या दिवशीचा संशय शेवटी खरा ठरला. आम्हा शेकडो लोकांचं सगळं त्यांनी लपवलं आहे.

आता या ग्रंथाच्या निमित्तानं जमणाऱ्या त्यांच्या सर्व शिष्यांना एक गोष्ट सांगून थांबते. त्या दिवशी मी निघताना सर मला सोडायला खाली आले आणि परत वर जाताना जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. कठड्याला धरून मला पेपरातली बातमी सांगू लागले. ते बातमीसाठी थांबले, यावर मी विश्वास ठेवला नाही. म्हातारपणी झडपेवर चुना साचतो, त्यामागंही तीच आतली धग असते आणि रक्तातले तेच बारीक फरक असतात, हे मला त्यांनीच शिकवलेलं आहे. सुनीता ट्रकच्या फळीवर अशीच थांबायची. "सर, तुमची छाती कुणी तपासली?" मी खालून विचारलं. "कुणाची?" ते म्हणाले आणि वर गेले.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, त्यांची शंभरी आपण सगळ्यांनी मिळून साजरी करावी, असं मला मनापासून वाटतं. पण नुसतं वाटून काय होतं? म्हणून आयोजकांना विनंती, की सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर त्यांच्यासमोर एक खुर्ची ठेवा. तिच्यात मी येऊन बसणार आहे. जिन्यावर का थांबलात, एवढा एकच प्रश्न आहे. तुमच्यापैकी एकानं नळी घेऊन तयार राहावं. खुर्ची रिकामी होईपर्यंत शाल नाही, श्रीफळ नाही, टाळ्याही नाहीत. नियम त्यांचाच आहे.